चाकावरच्या घराची मोरी

गाडीत राहून रस्त्याकडेला मुक्काम करता, तेव्हा तुमचं खरकटं पाणी कुठे जातं? सुकत्या जवळ्याचा वास आला की मला उत्तनची एक सकाळ आठवते. टेम्पोचं घर करून मी नि बाबा पहिल्यांदाच निघालो होतो. ना नळ, ना वीज, अशा किनाऱ्यावरच्या मोकळ्या जागेत रात्र काढली आणि उठल्यावर मी भांड्यांचं साबणाचं पाणी तिथेच सोडून दिलं. तेवढ्यात ओल्या जवळ्याची पाटी डोक्यावर घेऊन एक मावशी आली. "चाकावर घर हाय, मग मोरी कुठं हाय? आमच्या ताटात?" ती जागा तिने जवळा पसरायला झाडून ठेवली होती. बाकी सगळीकडे इतरांचा माल होता आणि तिचा आज सुकला नाही तर नासणार होता. "चल, निघू गुपचूप," बाबा पुटपुटले. "जागा साफ केल्याशिवाय मी हलणार नाही," मी म्हटलं. भिजलेला थर खरवडून पिशव्यांत भरला, कोरडी वाळू आणून पसरली. मावशीने तळहात फिरवून पाहिलं आणि मगच पाटी उतरवली. आता माझ्या गाडीत सांडपाण्याचा कॅन असतो, तो घरच्या मोरीतच रिकामा होतो. पुढच्या मुक्कामाला निघताना तुम्हीही असा कॅन घ्या, आणि गादीच्या आधी तो गाडीत चढवा.