दाराबाहेरच्या चपला

कुंभिवलीच्या आमच्या कारखान्यात नवा कॉम्प्युटर आला, तेव्हा त्या खोलीत धूळ नको म्हणून पायताणं बाहेर काढायचा नियम झाला. तिथं माझ्यासोबत काम करणाऱ्या गृहस्थाचं भाताचं शेत कारखान्याच्या मागच्या कुंपणाला लागून होतं.

कामगारांच्या हजेरीचा प्रोग्राम चोवीस फायलींत होता. जरा काही बदललं, की मी एकेक फाइल कंपाइल करत, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवत, बसायचो आणि शेवटी सगळ्या जोडायचो. या गृहस्थानं त्या साऱ्या आज्ञा ओळीनं एकाच फाइलीत लिहून ठेवल्या होत्या. तिचं नाव टाइप करून एंटर दाबायचा आणि बोटं मोडत उठायचा.

"आता हिचं ही करंल. कुठं चूक घावली तर थांबंल. मी पानी बघून येतो रं."

मागच्या दारानं तो अनवाणीच जायचा. साहेबांना बुटांच्या नाड्या सोडायचा भारी कंटाळा. दाराशी चपला बघायच्या, काचेतून पडद्यावर सरकणाऱ्या ओळी बघायच्या आणि पाय न वाजवता परत फिरायचं, हा त्यांचा शिरस्ता.

एकदा मात्र त्यांनी दार किलकिलं करून विचारलं, "आहेत ना आत?"

"टेबलाखाली वायर बघतायत," माझ्या तोंडून निघून गेलं.

तो परतल्यावर मी सगळं सांगितलं. पायाचा चिखल पुसत तो म्हणाला, "माज्यासाठी खोटं बोललास. आजपासून ही फाइल तुजी बी. पण भाताच्या लावणीला यायचं."

त्या वर्षी साहेबांनी आमच्या दोघांच्या कामावर शेरा लिहिला : जागेवरून हलत नाहीत.