फोडशीचं फूल आधी बघायचं

मैत्रिणींनो, आपली ही फिरती वही दुपारी टपालाने आली तेव्हा माझे हात चिखलाने माखले होते. म्हणून आधी तेच सांगते.

ह्यांची लोणावळ्याला रेल्वेत बदली झाल्यापासून मी बाजारातून फोडशीची रानभाजी घेते. दोन वर्षांत पान पक्कं ओळखीचं झालं. आज सकाळी वलवणच्या डोंगरावर जाऊन स्वतःच ओचाभर खुडली.

उतरताना भाजीवाल्या चिमामावशी भेटल्या. त्यांनी माझा ओचा चाळला आणि निम्मी पानं फेकून दिली.

"अहो, फोडशीच आहे ती!" मी भांडलेच.

मावशींनी मला खुडल्या जागी परत नेलं आणि विळ्याने एक बुंधा उकरला. खाली कांदा निघाला.

"फोडशीला कांदा नसतो. ह्यो रानकांदा. लय इषारी. घरात कोन उरलं नसतं, बाई."

मी विचारलं, "मग तुम्ही न उकरता कसं ओळखता?"

"पानावर कुटं जाता? गेल्या साली हितं फोडशीचं पांढरं फूल बगितलेलं असतं. ती जागा ध्यानात ठिवायची. फूल आलं की पान चरबाट, मग खायाचं न्हाई. म्होरल्या साली कवळं खुडायचं."

म्हणजे या भाजीची तयारी वर्षभर आधी सुरू होते! घरी येऊन उरलेली पानंही मी मातीत पुरून टाकली; तेवढ्यात वही आली. यंदा फक्त फुलं बघणार.

पुढच्या आषाढात माझ्या हातची फोडशी जेवायला या. या वहीत खाली नाव लिहायची हिंमत कोणाकोणाची आहे?