आमसुलाच्या पाण्यातला निळा दगड

गणपतीच्या आधीच्या रविवारी माझ्या यादीत सतरा कामे होती. सहावे ‘पितळ घासणे’, सातवे ‘शोकेस रिकामे करून सगळे धुणे’. ही दोन्ही एकदमच आटपतील असे मला वाटले आणि तिथेच मी चुकले.

शोकेसमध्ये सासऱ्यांचा दगड होता. मुठीएवढा, पांढुरका, त्यावर मोराच्या गळ्यासारखे निळे, बारीक काट्यांचे गोळे. बाबा निवृत्त होऊन इथे किहीमला, समुद्रकाठच्या आपल्या गावी, परत येण्याआधी पुण्याजवळ वाघोलीला खडीच्या खाणीत मुकादम होते. तिथून तो त्यांनी टॉवेलात गुंडाळून आणला होता. “असा दगड जगात फार थोड्या ठिकाणी मिळतो,” ते येईल त्याला सांगत. ऐकणारा मान हलवी आणि विषय मासळीच्या भावाकडे वळे. माझा नवरा तर त्याला ‘बाबांचा नीलमणी’ म्हणायचा.

आमच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. त्या आठवड्यात एकीत भूशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम उतरल्या होत्या. बाबांना नाश्त्याच्या वेळी हे कळले आणि त्यांनी लगेच ठरवून टाकले, रविवारी चार वाजता मॅडम दगड बघणार. त्या दिवशी ते सकाळपासूनच इस्त्रीचा सदरा घालून बसले होते.

म्हणूनच मी दगड धुवायला घेतला. जाणकार माणसाला धुळीसकट कसा दाखवायचा? मागच्या अंगणात समया, ताम्हन, घंटा एका टबात आमसूल-मिठाच्या पाण्यात भिजत होत्या. त्यांच्यातच तो ठेवला. पितळ घासायला आलेली शेजारीण वाकून बघायला लागली.

“वैनी, दगडाला फेस येतोय. जिता हाय का काय?”

मी तो झटकन बाहेर काढला. पांढरा भाग खरबरीत झाला होता आणि टबाच्या तळाशी निळे कण दिसत होते. दगड तीन पाण्यांतून काढला आणि सरळ बाबांकडे नेला. वाईट बातमी शिळी करू नये, असे माझे मत आहे.

ते ओरडले नाहीत. चहाची गाळणी मागितली, टबातले सगळे पाणी गाळले आणि निळे कण एका वाटीत ठेवले. मग म्हणाले, “तुझ्या यादीत मी कितवा आहे, तेवढं सांग. म्हणजे तयारीत राहतो.”

जेवताना मात्र त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

चारला मॅडम आल्या. भिंगातून बराच वेळ बघून म्हणाल्या, “कॅव्हन्साइट. वाघोलीचाच.”

बाबांनी आमच्यातल्या प्रत्येकाकडे सावकाश, एकेक करून पाहिले. नवऱ्याकडे जरा जास्तच.

यात कॅल्शियम आणि सिलिका तर आहेच, पण व्हॅनेडियमही आहे, असे मॅडमनी सांगितले. पोलाद कणखर करायला वापरतात तो धातू. निळा रंग त्याचाच. “पण हा धुतला कशानं?”

मी सांगितले. त्या हसल्या, तरी उत्तर त्यांनी सरळ दिले. “आंबटानं पांढरा भाग विरघळतो. गेलेले काटे परत येणार नाहीत. पण हा खाणीत नेमका कुठे मिळाला, ते कुणाला आठवतंय का? विकत मिळणाऱ्या दगडांबरोबर ती माहिती सहसा येत नाही.”

बाबा खुर्चीत पुढे सरकले. खाणीची कुठली बाजू, किती खोल, वरचा खडक कसा भुसभुशीत होता, सुरुंगानंतर पोकळी उघडली तेव्हा आतून पाणी कसे वाहिले. मॅडम प्रश्न विचारत होत्या, मी लिहीत होते. तासाभरात माझ्या वहीची चार पाने भरली. घरात इतकी वर्षे यातले काहीच कुणी विचारले नव्हते.

“दगडावर नंतर काय काय केलं, तेही हवं,” मॅडम म्हणाल्या.

“लिही,” बाबा मला म्हणाले, “सुनेने आमसुलाच्या पाण्यात पाच मिनिटे ठेवला.”

“तीनच, बाबा.”

“पाच.”

मॅडम म्हणाल्या, “पाच लिहा.” मी पाच लिहिले.