चिलमीबरोबरचा कोरा चहा

आमच्या घरात चहा दोन तऱ्हेचा व्हायचा. दुधाचा चहा पाहुण्यांसाठी आणि आम्हा घरच्यांसाठी. कोरा चहा चिलमीसाठी. आई असंच म्हणायची, "चिलमीचा ठेवला का गं?" आबांचा किंवा तात्यांचा, असं ती कधी म्हणाली नाही.

आबा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. तात्या त्यांचे दोस्त. आमचं घर बौद्धांचं, तात्या धनगर. तात्या रोज सकाळी मेंढरं सोडायच्या आधी आमच्या ओट्यावर यायचे आणि "जयभीम, दोस्ता" म्हणायचे. आबा त्यांना "राम राम" म्हणायचे. प्रत्येकजण दुसऱ्याच्या रीतीने नमस्कार करायचा, आणि यात काही वेगळं आहे हे कॉलेजला जाईपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तंबाखू तात्यांची, चहा आमचा, असा जुना करार होता. चिलीम मातीची. सोनारीच्या जत्रेला गेले की तात्या दोन-तीन चिलमी घेऊन यायचे, कारण एखादी वाटेतच फुटायची. तात्या तंबाखू हातावर चोळायचे, चिलमीत खडा टाकून वर ती भरायचे. आबा चुलीतला निखारा ठेवायचे आणि चिलमीच्या तोंडाला ओली चिंधी गुंडाळायचे. तिला छापी म्हणतात. मग एकाने ओढायचं, दुसऱ्याच्या हाती द्यायचं. मध्ये चहाचा घोट. चहा स्टीलच्या एकाच वाडग्यात असायचा. चिलीम इकडून तिकडे गेली की वाडगं तिकडून इकडे यायचं. कप मी त्यांच्या हातात कधी पाहिला नाही.

तंबाखूचं कौतुक करायला मी हे लिहीत नाही. तिने काय केलं ते पुढे येईलच. पण त्या दोघांना कशाबरोबर काय चांगलं लागतं याची जी जाण होती, ती मला खरोखर जाण वाटते, म्हणून सांगते.

सकाळी जाड पानाची कडक तंबाखू, आणि तिच्याबरोबर गुळाचा कोरा चहा. चहा पार काळा हवा. "धूर कडू, च्या कडू, अन् मधी गूळ," आबा म्हणायचे. दुपारी आंबील प्यायली की हलकी, गुळात मळलेली तंबाखू. ज्वारीच्या आंबटपणावर कडक तंबाखू घशाला लागते, असं तात्यांचं म्हणणं. ताकावर चिलीम दोघांनाही नापसंत. उसाच्या रसावर तर मुळीच नाही, तोंड चिकट होतं. आणि दूध घातलेला चहा चिलमीबरोबर प्यायचा म्हणजे दोन्हींची माती. आबा सांगायचे, "दुधानं धुराला जागाच ऱ्हात न्हाय."

एकदा उमरग्याला एका लग्नात दोघांना थंड पेयाच्या बाटल्या मिळाल्या. तात्यांनी मांडवामागे चिलीम पेटवली, दम घेतला आणि वर बाटली लावली. आबा ही गोष्ट सांगताना अजून हसतात.

"नाकातून धूर यायचा, तर फेस आला फेस! बैलावानी शिंकला!"

"तू काय केलंस ते सांग की," तात्या म्हणायचे. "पोरी, तुझ्या आबानं माझ्यावरच थुकलं."

"हसू आलं तर काय गिळू?"

दारूचं मी एकदा भीत भीत विचारलं होतं. आबा दारू पीत नाहीत. तात्या जत्रेला घ्यायचे. ते म्हणाले, "दारूला तंबाखू न्हाय चालत. एक म्हणती बस, दुसरी म्हणती ऊठ."

मी उमरग्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे औषधाची चिठ्ठी आली की माझ्या हातात देतात, आणि मला त्यातलं निम्मं कळत नाही हे सांगायची मला लाज वाटते. मागच्या थंडीत आबांचा खोकला थांबेना, तेव्हा दवाखान्यात त्यांच्याबरोबर मीच गेले. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि आबांना सरळ विचारलं, "किती वर्षं ओढताय?"

"मिसरूड फुटायच्या आधीपासनं."

"आता बंद. कमी नाही, बंद."

आबांनी सदऱ्याचं बटण लावलं. "अन् च्या?"

"चहा प्या की."

दुसऱ्या दिवशी तात्या आले, तेव्हा आबांनी कोनाड्यातली चिलीम, छापी, खडा, सगळं त्यांच्या हातात दिलं. "घिऊन जा. घरात दिसली तर हात जाईल."

तात्यांनी ते घोंगड्यात ठेवलं. त्या दिवशी ते बसले नाहीत.

घरात सगळ्यांना एकच काळजी, आबांची चिलीम सुटते का. माझी काळजी वेगळी होती. चिलीम सुटली तर तात्या येतील का? आबांच्या वयाचं गावात दुसरं कुणी त्यांच्याकडे येऊन बसत नव्हतं. आजी जाऊन बरीच वर्षं झाली. वडील दिवसभर कामावर, मी कॉलेजात. आबांचा सबंध दिवस त्या सकाळच्या तासावर उभा होता. तो तास गेला तर औषधाने काही होणार नाही, असं मला आतून वाटत होतं.

म्हणून मी माझ्या अकलेने एक ठरवलं. चिलमीची आठवण येऊ नये असा चहा करायचा. कोरा चहा दिला तर हात चिलीम शोधेल. मी दूध आटवलं, वेलदोडा घातला, आलं ठेचलं. चुलतबहिणीच्या लग्नात आहेर म्हणून आलेले कपबशांचे खोके माळ्यावर होते. त्यातले दोन कप काढले, निळ्या फुलांचे. खरं सांगायचं तर कपांमागे आणखी एक कारण होतं. आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये मी बोटाच्या ठशातून उगवलेले ठिपके पाहिले होते. आबांची छाती अशी, आणि दोघे एकाच वाडग्याला तोंड लावणार. हे मला बरं वाटत नव्हतं.

पुढच्या सकाळी तात्या आले. मी एक कप आबांपुढे ठेवला, एक तात्यांपुढे. तात्यांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उचलला आणि प्यायले.

"लई झ्याक झालाय पोरी," ते म्हणाले.

मला आनंद झाला. मग तात्या उठले, रांजणाशी गेले, आपला कप दोनदा विसळला आणि ओट्याच्या कडेला पालथा घातला. "येतो," म्हणाले आणि गेले.

आबांचा कप अर्धा तसाच होता. ते त्या पालथ्या कपाकडे बघत होते. मी म्हटलं, "तात्यांनी कशाला धुतला? मी धुतला असता की." आबांनी उरलेला चहा अंगणात ओतला.

दुसऱ्या दिवशी तात्या आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मला वाटलं, झालं, चिलमीपुरतेच येत होते. मला त्यांचा रागही आला. चौथ्या दिवशी आबा ओट्यावर गार झालेला चहा घेऊन बसले होते, तेव्हा मी तसं बोलून दाखवलं.

"चिलमीसाठी न्हाय गेला तो," आबा म्हणाले. "कपामुळं गेला."

मग त्यांनी सांगितलं. ते तरुण असताना मुरुमच्या बाजाराला गेले की हॉटेलात आपल्या लोकांचा कप वेगळा असायचा. बाहेर, वळचणीला. चहा वरून ओतायचे. पिऊन झाला की आपणच धुवायचा आणि पालथा घालून ठेवायचा. मला हे पुस्तकातून माहीत होतं. पण कप पालथा घालायचा, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

"ह्यो तात्या तवा जवान. रानात मेंढरं बसवली होती, म्या राखणीला होतो. थंडी लई. ह्यानं चिलीम मला दिली, छापी न बदलता. म्या ओढली. मंग च्या काढला. वाडगं एकच. म्या ओंजळ पुढं केली. तर ह्यो म्हणतो, येडा का खुळा? माझ्या तोंडची चिलीम घेतलीस, अन् च्याला ओंजळ? आधी माझ्या हाती वाडगं दिलं, माझं झाल्यावर स्वतः प्याला. घरी कळल्यावर बापानं हाणला त्याला. पण दुसऱ्या दिवशी परत आला."

पुढचं मला समजलं. चिलीम बंद झाली आणि दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्यापुढे वेगळा कप ठेवला होता. वर पाहुण्यांचा, दुधाचा चहा.

"मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही, मला माहीत नव्हतं म्हणून?"

"कसं सांगू? त्यानं कप धुतला तवा माझी जीभच लुळी पडली बघ."

त्या दिवशी मी कॉलेज बुडवलं. तात्यांनी गावाच्या खालच्या अंगाला एकाच्या रानात मेंढरं बसवली होती. जाताना काय बोलायचं ते मी मनात तीन वेळा पाठ केलं. ते एका कोकराच्या पायातला काटा काढत होते. मला पाहून म्हणाले, "कालेज बुडवून मेंढरं मोजायला आलीस व्हय?"

"तात्या, तुम्ही येत का नाही?"

"कप धुयाचा कंटाळा येतो मला. बायकांची कामं." आणि हसले. पण माझ्याकडे बघितलं नाही.

मी पाठ केलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले की मला ती वळचणीची गोष्ट माहीत नव्हती, कप जंतूंसाठी दिले, दोघांनाही दिले, आबांनाही वेगळा होता.

तात्यांनी कोकरू सोडलं. "तुझं चुकलं न्हाय. म्या म्हणलं बराबर हाय पोरीचं. तंबाखू कुणाची? माझी. चाळीस वरसं म्याच पाजली त्याला. त्याची छाती म्याच जाळली. आता घरानं माझा कप येगळा केला तर चूक काय हाय?"

मला हे सुचलंच नव्हतं. मी समजत होते की त्यांचा अपमान झाला. ते तर शिक्षा समजून ती मान्य करून बसले होते.

"आबा चार दिवस चहा पीत नाहीत," मी म्हटलं. "गार करून ओततात."

"औषध घेतो का?"

"घेतात. पण तुम्ही नसला की बोलत नाहीत."

तात्यांनी भरकटलेलं एक मेंढरू काठीने आत वळवलं. मग म्हणाले, "दुधाचा नको करूस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. "जयभीम, दोस्ता."

"राम राम. वाट चुकलास का काय?"

"चुकलो होतो. मेंढरानं आणलं परत."

मी वाडगं आणलं. जंतूंचं मी विसरले नव्हते. अजूनही नाही. म्हणून धीर करून सांगितलं की ज्या दिवशी कुणाला खोकला जास्त असेल त्या दिवशी दोन वाडगी. तात्यांनी मान डोलावली. "चालतंय. मंग त्याचं म्या धुणार, माझं त्यानं." आबा म्हणाले, "तुझं वाडगं म्या धुतो होय? मिशा बुडिवतोस त्यात." आणि असं ठरलं.

पण चहाचा पहिला घोट घेतला आणि आबांनी तोंड वाकडं केलं. वाडगं तात्यांकडे दिलं. त्यांनीही घोट घेतला.

"पोरी, रोजचाच केलास ना?"

"रोजचाच. तेवढीच पावडर, तेवढाच गूळ."

"ह्यो तर काढा हाय," तात्या म्हणाले.

इतकी वर्षं तो चहा तंबाखूच्या मापाने उकळत होता. धूर काढून घेतला तर मागे नुसता कडूपणा राहिला. त्या आठवड्यात आम्ही रोज काहीतरी बदलत गेलो. पावडर निम्मी केली. बडीशेप घातली, ती आबांना औषधासारखी लागली. एक दिवस मिठाचा खडा टाकला, तो तात्यांना आवडला आणि आबांना नाही. गूळ वाढवला तर सरबत झालं. कॉलेजच्या वहीत मी निरीक्षणं लिहितात तसं हे लिहून ठेवलं होतं, कुणाला दाखवलं नाही. शेवटी कमी पावडर, गवती चहाची दोन पाती आणि पहिल्यापेक्षा थोडा कमी गूळ, इथे दोघे येऊन थांबले. चांगला झाला असं दोघांपैकी कुणी म्हणालं नाही. पण वाडगं रिकामं व्हायला लागलं.

हात मात्र मोकळे राहायचे. वाडगं तात्यांकडे गेलं की आबांना हातांचं काय करावं कळत नसे. ते धोतराच्या टोकाला पीळ घालत बसायचे.

तात्या रानात अजून ओढतात. आमच्याकडे यायच्या आधी चूळ भरतात, हात मातीने घासतात आणि आल्यावर आबांपासून हातभर लांब बसतात. तंबाखूची डबी खोपीत ठेवून येतात. पण घोंगड्याचं काय करणार? घोंगडं वर्षानुवर्षं त्या धुरात मुरलेलं.

एका सकाळी आबांनी घोट घेतला, वाडगं मांडीवर धरलं आणि तात्यांकडे बघून म्हणाले, "एवढ्या लांब का बसतोस?"

"वास येतो माझा. डागदरनं सांगितलंय तुला."

"ओढू नको म्हणलाय. बस म्हणायला काय हरकत हाय?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटत होतं, ही शिकलेली, ही सांगेल. मला नक्की माहीत नव्हतं. पुस्तकात शोधलं असतं तर बहुतेक नकोच म्हटलं असतं. मी आबांच्या छातीचा फोटो पाहिला होता. त्या चार दिवसांतले आबाही पाहिले होते.

मी म्हटलं, "बसा तात्या."

ते सरकले. घोंगड्याचं टोक आबांच्या गुडघ्यावर आलं. आबांनी डोळे मिटून एक घोट घेतला, तोंडात थोडा घोळवला आणि गिळला.

"आता लागला बघ," ते म्हणाले, आणि वाडगं तात्यांच्या हातात दिलं.