ठोकमामांचा लेप

समस्त मोसंबीवाल्यांना, त्यांच्या सोयऱ्यांना आणि बांधाच्या शेजाऱ्यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, तीर्थपुरीच्या परिसरात झाडाच्या पोटातलं ऐकणारा माणूस एकच होऊन गेला. सगळे त्यांना ठोकमामा म्हणत.

बागेत शिरले की मामा उलट्या बोटाने खोडावर ठोकायचे आणि कान लावायचे. कुणी खोकलं तरी डोळे वटारायचे, "थांब ना रे, ती सांगून राह्यली!" मोसंबी त्यांच्या लेखी बाईमाणूस. माझ्या लग्नात त्यांनी माझ्याही पाठीवर ठोकलं आणि सासऱ्यांना सांगितलं, "भरीव हाय. बिलकुल घ्या."

छाटणी झाली की ते प्रत्येक जखमेवर शेण आणि काळ्या मातीचा जाड लेप थापायचे, वर ओलं गोणपाट बांधायचे. "माय लेकराची जखम उघडी ठेवती का?" त्या लेपावर लोकांचा एवढा विश्वास की दुसऱ्या कुणाला फांदीला हात लावू देत नसत.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या झाडांची पानं पिवळी पडली, खोडांवर कानाच्या आकाराची कडक अळंबी फुटली. मी मामांना आणलं. ते ठोकत गेले. आवाज भदभद, पोकळ यायला लागला. मग त्यांनी स्वतःच्याच हातचा एक लेप खरवडला. आतलं लाकूड पांढरं, भिजल्या पावासारखं. बोट लावलं तर आत गेलं. पुढच्या झाडावर तेच. त्याच्या पुढच्यावरही. जिथे लेप नव्हता, तिथलं लाकूड तेवढं शाबूत.

"ओल म्याच कोंडून ठेवली," मामा म्हणाले आणि पुढचा लेप खरवडायला घेतला.

मी एरवी मयतीतही विनोद करणारा माणूस. तेव्हा एवढंच सुचलं, "मामा, आपण कुणाला सांगायचं न्हाई."

"आन् शहागडपर्यंतच्या बागा? तिथं लेप तसेच हायेत की! गाडी काढ जल्दी."

आठ दिवस आम्ही बागोबाग हिंडलो. मामा फाटकातच टोपी काढायचे. "माझ्या लेपानं झाडं सडून राह्यली. आधी लेप काढा, सडकं कापा, मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावा. शिव्या मंग द्या." बऱ्याच जणांनी त्या आधीच दिल्या. एकाने तर त्यांची करवत हिसकावून विहिरीत फेकली. मामांनी टोपी घातली आणि पुढच्या बागेचा रस्ता धरला.

शेवटची बाग शहागडच्या सखूकाकूंची. त्यांची अर्धी झाडं तोडून झाली होती, कशाने गेली ते ठाऊक नव्हतं. मामांचं सगळं बोलणं त्यांनी पदर तोंडाला लावून ऐकलं आणि एकदम ओरडल्या, "आवो मामा, गप बसले असते तर मेल्यावर फोटो लावला असता की आम्ही तुमचा!"