रत्नाचं झाड

पहाटेच्या गारव्यात मोहाचा वास आधी गोड वाटतो, मग जड होत जातो, आणि ऊन चढलं की डोक्यात भिनून राहतो. धानोऱ्याच्या बाजारात मोहफुलं नि चारोळी घेण्यात माझं आयुष्य गेलं. सायकलवर पोती लादून सुरुवात केली, घासाघीस करत गोदाम उभं केलं. तरी या वासाशी माझं भांडण जुनं आहे. हंगाम ऐन भरात आला, गोदामात पाय ठेवायला जागा उरली नाही, की माझी बायको रत्ना टोपली घेऊन माहेरी निघते.

तिच्या गावात मोहाचं प्रत्येक झाड कुठल्या ना कुठल्या घराचं असतं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. लग्नात वडिलांनी तिला एक झाड दिलं. त्याच्या फुलांहून कितीतरी अधिक फुलं माझ्या गोदामात पायाखाली तुडवली जातात, हे मी दरवर्षी तिला ओरडून सांगतो. ती ऐकून घेते आणि पदर खोचते.

यंदा तिचे गुडघे पार धरले. म्हणून ती निघायच्या आदल्या दिवशी मी जाऊन झाडाखाली हिरवी जाळी ताणून बांधली. फुलं जाळीत पडतील, तिचा भाऊ ती काढून घेईल, आणि हंगामात रत्ना घरी, माझ्याजवळ राहील. सकाळी मोठ्या हौसेनं तिला दाखवायला नेलं.

"भाऊजी, झाडालेच हमाल केलं का?" मेहुणा हसला.

रत्ना हसली नाही. "हे काऊन बांधलं?"

"तुह्या गुडघ्यासाठी. आता वाकाचं नाई, इथी याचंबी नाई."

"मंग मी कुठी जाऊ?"

समोरच्याचा चेहरा वाचून भाव पाडणारा मी, जाळीची एक सैल गाठ आवळू लागलो. तिनं एकेक गाठ सोडली. जाळीतली पिवळसर, रसरशीत फुलं वाळल्या पानांवर घरंगळली. ती कष्टानं खाली बसली. माझा जीव जळत होता. माझ्या मायेची हिला किंमत नाही, ही तक्रार अजूनही गेलेली नाही.

"बसा," ती मान वर न करता म्हणाली. "तिकडली बाजू तुमची."

मी बसलो. आयुष्यभर फुलं तोलली, पण जमिनीवरून एकही उचललं नव्हतं. कोवळं ऊन फांद्यांतून उतरत होतं. वाटेवर उभ्या माझ्या गाडीत फोन वाजू लागला.

"जा ना, गोदामावर ट्रक आला असन," रत्ना म्हणाली.

मी पान बाजूला सारलं. खाली एक फूल होतं. त्याच्या पलीकडे आणखी एक.