डोळ्याला म्हटलं, जानेवारीपर्यंत थांब

डिसेंबरातला पहिला शनिवार. लेकीला, रेवाला, ब्रेसेस लावायचे म्हणून तोआ पायोह भागातल्या एका डेंटल क्लिनिकमध्ये आम्ही दोघं बसलो होतो... आणि माझा जीव टांगणीला लागलेला.

दातांमुळे नाही. माझ्या उजव्या डोळ्यामुळे, आणि ते मी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं.

आधी थोडं सांगतो. मी इथे परदेशात, हार्बरफ्रंट भागातल्या एका शिपिंग कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. ऑफिसकडून दरवर्षी फ्लेक्सी म्हणून एक रक्कम मिळते... दात, चष्मा, असलं जे इन्शुरन्समध्ये बसत नाही ते त्यातून करायचं. बायकोमुलांचंही चालतं, पण ३१ डिसेंबरला जे उरेल ते गेलं.

यंदाचा सगळा फ्लेक्सी रेवाच्या ब्रेसेसना, हे मी वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून टाकलं होतं. चौदा वर्षांची पोर, फोटो काढताना ओठ मिटून हसते... बघवत नाही. तेव्हा आधी तिचे दात, आणि माझा नवा चष्मा जानेवारीत, नव्या रकमेतून. आम्हा अकाउंट्सवाल्यांची खोडच आहे ही, खर्च दिसला की पुढच्या वर्षात ढकलायचा.

नोव्हेंबर संपता संपता उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी चमकायला लागलं. लांबून कुणी कॅमेऱ्याचा फ्लॅश मारावा तसं... म्हटलं, नंबर वाढला असेल. आधीच मायनस नऊ, त्यात काय नवल.

मंजिरीला, म्हणजे बायकोला, सांगितलं असतं तर तिने त्याच दिवशी चष्म्याच्या दुकानात नेऊन उभं केलं असतं. नव्या काचा, नवी फ्रेम, आणि ब्रेसेसना तेवढं कमी. म्हणून गप्प बसलो. एरवी मी शिंक आली तरी गूगल करणारा माणूस, पण यावेळी तेही केलं नाही... काय सापडेल याचीच भीती वाटत होती, खरं सांगतो.

तर त्या शनिवारी रिसेप्शनवरच्या आंटीने फॉर्म दिला. साठीच्या पुढची चिनी बाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी लिहायला बसलो तर कागदावर काळे ठिपके... हाताने झटकले, जाईनात. रुमालाने पुसले, तरी जाईनात.

आंटी बघत होती. ती उठून आली, कागद माझ्या हातातून घेऊन उजेडात धरला आणि म्हणाली, "अंकल, पेपर क्लीन." मग माझ्याकडे नीट बघत विचारलं, "लाइट ऑल्सो सी? फ्लॅश?"

मी नुसती मान हलवली. हिला कसं कळलं?

"माय हजबंड ऑल्सो लाइक दॅट," ती म्हणाली. "ही वेट, वेट. नाऊ वन आय कॅनॉट सी." आणि माझा फॉर्म तिने सरळ ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

यावर मी काय बोललो ते लिहायची लाज वाटते. मी विचारलं, आजची अपॉइंटमेंट गेली तर डिसेंबरात दुसरी मिळेल का... नव्हती मिळणार, जानेवारीपर्यंत सगळं फुल. म्हणजे फ्लेक्सी बुडाला. म्हटलं, मग ब्रेसेस लावून घेऊ आणि इथून थेट हॉस्पिटलात जाऊ, तास-दोन तासांचा तर प्रश्न आहे.

रेवा इतका वेळ फोनमध्ये डोकं घालून बसली होती. तिने फोन खिशात टाकला, माझी बॅग खांद्याला लावली आणि दार उघडून उभी राहिली. "बाबा, टीथ कॅन वेट. गो ला," इथल्या पोरांसारखं शेवटी 'ला' जोडत एवढंच म्हणाली. मी उठलो आणि तिच्यामागे निघालो.

टॅक्सीत तिनेच मंजिरीला फोन केला. मी खिडकीबाहेर बघत होतो... रस्त्याकडेची झाडं, बसस्टॉपवरची माणसं. यातलं अर्धं उद्या दिसणार नाही, असंच सारखं मनात येत होतं.

इमर्जन्सीत डॉक्टरबाईंनी थेंब घालून तपासलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याला चीर गेली होती. पडदा अजून जागेवर होता, पण तो कधीही सुटला असता, असं त्या शांतपणे म्हणाल्या... त्याच दिवशी लेझर करून चीर रोखली. नंबर वाढलेलाच नव्हता.

आणि आता माझं शहाणपण ऐका. मंजिरी धावतपळत आली, बिलाच्या काउंटरवर जाऊन चौकशी करून आली, आणि तेव्हा कळलं की या सगळ्याचा फ्लेक्सीशी काही संबंधच नाही... हे ऑफिसच्या मेडिकल इन्शुरन्समध्ये बसतं. दिवसभर दुसऱ्यांची बिलं बारकाईने तपासणारा मी, स्वतःची पॉलिसी कधी उघडून वाचली नव्हती.

मंजिरी रागावेल असं वाटलं होतं. ती शेजारी बसली, माझा हात धरला आणि रडायला लागली. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तो फ्लेक्सी अर्थातच गेला. रेवाचे ब्रेसेस जानेवारीत लागले. चायनीज न्यू इयर जवळ आलं होतं, म्हणून आंटीला इथल्या रीतीप्रमाणे दोन संत्री दोन्ही हातांनी दिली... तिनेही दोन्ही हातांनी घेतली, आणि माझा डोळा निरखून बघितला.

भीती मात्र गेलेली नाही. रोज जाग आली की आधी डावा डोळा झाकून पंख्याकडे बघतो, मग उजवा. मंजिरी स्वयंपाकघरातून विचारते, "दिसतंय ना?" दिसतंय, म्हणतो... आणि जिच्या नवऱ्याला एका डोळ्याने दिसत नाही, त्या बाईचे मनातल्या मनात आभार मानतो.